जुनी पेट्रोल गाडी एमिशन टेस्टमध्ये दोनदा फेल, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) काही केल्या खाली येत नाही

बाबांची_गाडी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. बाबांची २४ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, चार सिलेंडर, फ्युएल इंजेक्शनवाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या लाईनमधला पार्ट) आहे आणि त्याच्या आधी एकच ऑक्सिजन सेन्सर आहे. बाबांनी ती फार जपून वापरली, आता मी चालवतो. गाडी तशी छान पळते, आवाज नाही, काळा धूर डोळ्यांना दिसत नाही, पण एमिशन टेस्टला दोनदा फेल झाली. पहिल्यांदा फेल झाल्यावर मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टाकीत ते क्लीनर असतं ते पण टाकलं आणि हायवेवर चांगली पळवून आणली. दुसऱ्यांदा पुन्हा फेल, आकडे जवळपास तेच. काढलेले जुने प्लग चारही काळे होते, बोटाला कोरडी काजळी लागत होती.

मेकॅनिक म्हणतो कन्व्हर्टर गेलाय, बदलून टाका, दुसरं काही नसतं. खर्च मोठा आहे आणि बदलल्यावर नक्की पास होईल का विचारलं तर म्हणाला होईल बहुतेक. त्या बहुतेकमुळे अडकलोय. ही गाडी भंगारात द्यायची माझी अजिबात इच्छा नाही. कन्व्हर्टर खरंच गेलाय हे आधी कसं ओळखायचं? आणि हो, कामाचं आहे की नाही माहीत नाही पण गाडी गरम असताना बंद केली आणि १०-१५ मिनिटांनी परत चालू करायला गेलं की बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते.

पाना_१०_१२:

कन्व्हर्टर आत्ता बदलू नकोस. टेस्टची पूर्ण स्लिप टाक इथे, नुसता फेल शिक्का नको. सीओ, एचसी (न जळलेलं पेट्रोल), सीओटू (कार्बन डायऑक्साइड), ओटू (ऑक्सिजन) आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आयडलिंगचे वेगळे आणि रेस देऊन २५०० आरपीएमचे वेगळे.

तो गरम स्टार्टचा प्रॉब्लेम तू शेवटी लिहिलायस, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. पण आधी आकडे दे.

निळा_धूर:

माझ्या गाडीला असंच झालं होतं, दोन वर्षांपूर्वी. कन्व्हर्टर बदलला आणि पास झाली. सगळ्यांचं वेगळं असतं पण २४ वर्षांचा कन्व्हर्टर म्हणजे त्याचं आयुष्य झालंच की. एवढा विचार करत बसण्यापेक्षा बदलून मोकळं व्हावं असं मला वाटतं.

बाबांची_गाडी:

धन्यवाद दादा. स्लिप बघून लिहितोय.

आयडलिंग: सीओ ३.२ टक्के, एचसी ४०० पीपीएम, सीओटू १२.० टक्के, ओटू ०.५ टक्के, लॅम्बडा ०.९१
२५०० आरपीएम: सीओ २.६, एचसी २३०, सीओटू १२.९, ओटू ०.३, लॅम्बडा ०.९३

पाना_१०_१२:

मस्त, आता बोलता येईल. जरा लांब लिहितोय पण नीट वाच, कारण बहुतेक लोक इथेच पैसे घालवतात.

आधी सीओ आणि सीओटूची बेरीज कर. ३.२ अधिक १२ म्हणजे १५.२. ही बेरीज १५ च्या आसपास असली तर धूर शुद्ध आला, सायलेन्सरला मोठं लीकेज नाही, बाहेरची हवा मिसळलेली नाही, म्हणजे बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. बेरीज ११-१२ आली असती तर मी आधी सायलेन्सरचे जॉइंट बघायला सांगितले असते आणि मग पुन्हा टेस्ट.

आता लॅम्बडा. १ म्हणजे हवा आणि पेट्रोल अगदी बरोबर, वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. तुझा ०.९१, म्हणजे इंजिन रिच चाललंय, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आणि मुख्य मुद्दा इथे आहे. टेस्टवाल्याचं मशीन लॅम्बडा थेट मोजत नाही, बाहेर आलेल्या सगळ्या वायूंचा हिशोब करून काढतं. कन्व्हर्टर स्वतः हवा आणत नाही आणि पेट्रोलही आणत नाही, तो फक्त एका वायूचा दुसरा वायू करतो, सीओचा सीओटू, एचसीचं पाणी आणि सीओटू. आत जेवढा कार्बन आणि ऑक्सिजन गेला तेवढाच बाहेर येणार. त्यामुळे कन्व्हर्टर चांगला असो, मेलेला असो, नाहीतर कोणी आतून पोकळ करून ठेवलेला असो, लॅम्बडा जवळपास तोच राहतो. तुझ्या ०.९१ चा कन्व्हर्टरशी काही संबंध नाही. तो आकडा इंजिनकडून येतोय.

दुसरं, कन्व्हर्टरला सीओ जाळायला ऑक्सिजन लागतो. तुझ्या धुरात ओटू ०.५ टक्के आहे आणि सीओ ३.२. जाळणार कशाने? आज नवा कोरा कन्व्हर्टर बसवलास तरी गाडी फेल होईल, आणि वरून तेवढं कच्चं पेट्रोल सतत त्यात जाऊन काही महिन्यांत नवा पण खराब होईल. आतली जाळी सिरॅमिकची असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो, काजळीने तो झाकला जातो आणि मिसफायर होत असेल तर आत पेट्रोल जळून जाळीच वितळते.

निळा_धूर यांची गाडी बदलल्यावर पास झाली ते खोटं म्हणत नाही, पण त्यांचा लॅम्बडा १ च्या जवळ असणार. लॅम्बडा १.०० आणि तरीही सीओ जास्त, असं असेल तर मीसुद्धा कन्व्हर्टरच म्हणेन.

मग रिच का चालतेय? एवढी रिच गाडी, आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर थोडी कमी, चारही प्लग सारखे काळे, आणि गरम असताना स्टार्टिंगचा त्रास. चारही सारखे काळे म्हणजे एकच इंजेक्टर गळत असण्याची शक्यता कमी, कारण तसं असतं तर एक प्लग काळाकुट्ट आणि बाकीचे बरे दिसले असते. काहीतरी चारही सिलेंडरना मिळून जास्त पेट्रोल देतंय.

माझा पहिला संशय फ्युएल प्रेशर रेग्युलेटरवर. इंजेक्टरच्या रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) एका टोकाला डबीसारखा छोटा पार्ट असेल, त्याच्या डोक्यावरून एक बारीक रबरी व्हॅक्युम पाईप मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जातो. आत रबराचा पडदा असतो, एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला व्हॅक्युम. जुन्या गाडीत तो पडदा चिरतो आणि मॅनिफोल्ड त्या बारीक पाईपातून पेट्रोल ओढून घ्यायला लागतो. आयडलिंगला व्हॅक्युम सगळ्यात जास्त म्हणून तिथे सीओ पण सगळ्यात जास्त. आणि गाडी बंद केल्यावर रेलमधलं प्रेशर तिथूनच निघून जातं, पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरतं, मग १० मिनिटांनी सेल्फ मारला की आधी ते जादा पेट्रोल बाहेर काढावं लागतं. तुझं लक्षण तंतोतंत बसतंय.

उद्या सकाळी एवढंच कर. इंजिन चालू करून ५ मिनिटं ठेव, बंद कर, तो बारीक पाईप रेग्युलेटरच्या बाजूने काढ. पाईप आतून कोरडा असायला हवा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर रेग्युलेटर गेला, आणखी काही तपासायची गरज नाही. त्याच वेळी ऑईलची पट्टी काढून वास घे. आणि एक कळकळीची विनंती, हे सगळं मोकळ्या हवेत कर. ३ टक्के सीओ म्हणजे ३०,००० पीपीएम, बंद गॅरेजमध्ये एवढ्या धुराने काही मिनिटांत माणूस जातो आणि या वायूला वास नसतो, कळत पण नाही.

चारवायू:

पाना दादांनी लॅम्बडाचं फार छान सांगितलं, हे फार कमी लोक सांगतात. मी थोडी भर घालते. रेग्युलेटर कोरडा निघाला तर पुढे बघायच्या दोन गोष्टी.

टेम्परेचर सेन्सर. गेजवाला नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जाणारा, बऱ्याच गाड्यांत दोन वेगळे असतात. तो बिघडला की ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि ते चोकसारखं जास्त पेट्रोल देत राहतं. मल्टिमीटरने ओहम मोजायचे. बहुतेक गाड्यांत २० डिग्रीला २ ते ३ किलोओहम आणि ८० डिग्रीला साधारण ३०० ओहमच्या आसपास. गरम इंजिनवर हजाराच्या वर आकडा दिसला तर बदला. याच्यासोबत थर्मोस्टॅट पण बघा, खूप जुन्या गाड्यांमध्ये आधीच्या कोणीतरी तो काढूनच टाकलेला असतो आणि मग इंजिन रस्त्यावर पूर्ण गरम होतच नाही. काटा नेहमी खाली राहतो का ते आठवून बघा.

दुसरी गोष्ट, ऑक्सिजन सेन्सर. चांगला असेल तर गरम इंजिनवर २००० च्या वर रेस धरली की व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखं खालीवर उड्या मारतं. १० सेकंदात सात-आठ वेळा तरी. मध्येच कुठेतरी चिकटून बसला असेल तर गेला. आणि तुमच्याकडे तर तुलना करायला स्लिप आहे. धूर सांगतोय रिच, म्हणजे सेन्सरने ०.८-०.९ दाखवायला हवं. ०.३-०.४ दाखवत असेल तर तो ईसीयूला चुकीची माहिती देतोय आणि ईसीयू त्याचं ऐकून आणखी पेट्रोल ओततंय. मोजताना वायर कापू नका, कनेक्टरच्या मागून बारीक पिन घालून मोजा, आणि मीटर व्होल्टवरच ठेवा, चुकूनही ओहमवर नको.

अजून एक. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग फुटलं असेल तर धुराच्या प्रत्येक ठोक्यामागे थोडी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं लीन (पेट्रोल कमी) आहे, ते पेट्रोल वाढवतं. छोटंसं लीकेज आणि सीओ वर. थंड इंजिन चालू केल्या केल्या बोनेट उघडून टिक टिक टिक आवाज येतो का ऐका, गरम झालं की लोखंड फुगून तो बंद होतो.

ऑक्टेन_मास्टर:

एवढं कशाला करताय, टेस्टच्या दिवशी टाकीत थोडं थिनर टाका, टाकी अर्धी ठेवा, एअर फिल्टर काढून ठेवा. माझी तशीच पास होते.

पाना_१०_१२:

ऑक्टेन भाऊ, राग मानू नका पण नव्या माणसाला हे सांगू नका. थिनरने जुन्या गाडीचे रबरी पाईप, ओ-रिंग फुगतात आणि पंपाचे रबर पार्ट जातात. पेट्रोलचा पाईप इंजिनवर गळला तर काय होईल सांगायला नको. आणि इंजेक्शनच्या गाडीत एअर फिल्टर काढून काही होत नाही, आत किती हवा जाते ते सेन्सर मोजतोच आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल देतं. फिल्टर गच्च भरला तर रिच होतं हे कार्ब्युरेटरच्या गाडीत.

शिवाय पास झाली तरी गाडी तेवढंच जास्त पेट्रोल जाळणार, तेच पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन नेणार, रिंगा झिजणार. टेस्ट फेल होते म्हणून आजार कळला तरी.

काजळी_पुसणारा:

मध्येच विचारतो, वेगळा धागा काढायला हवा होता का माहीत नाही. माझी गाडी कार्ब्युरेटरवाली आहे, कन्व्हर्टर नाहीच. मला उलटंच सांगतायत. सीओ ०.४, एचसी १९०० पीपीएम, सीओटू ११.२, ओटू ४.६, लॅम्बडा १.१५. पीयूसीवाला म्हणाला पेट्रोल जास्त जातंय म्हणून एचसी वाढलंय, मिक्स्चर स्क्रू आत घ्या. घेतला तर एचसी आणखी वाढलं. आयडलिंगला गाडी थरथरते.

पाना_१०_१२:

स्क्रू परत होता तिथे आण. तुझं मिक्स्चर लीन आहे, रिच नाही. एचसी जास्त म्हणजे न जळलेलं पेट्रोल, पण न जळण्याचं कारण दरवेळी जास्त पेट्रोल नसतं. मिक्स्चर इतकं पातळ झालं की ठिणगी पडूनही नीट पेटत नाही, मग त्या वेळचं सगळं पेट्रोल जसंच्या तसं सायलेन्सरमधून बाहेर. सोबत न वापरलेला ऑक्सिजन पण बाहेर, म्हणून ओटू ४.६. सीओ ०.४ म्हणजे जेव्हा जळतंय तेव्हा पेट्रोल कमीच आहे. लॅम्बडा १.१५ पण तेच सांगतो.

ओटू जास्त बघून सायलेन्सर लीक आहे असं पण कोणी सांगेल. पण लीकने ओटू सोडून बाकी सगळेच वायू सारख्या प्रमाणात कमी दिसतात, एचसी १९०० वर चढत नाही. तुला थरथर पण आहे, म्हणजे मिसिंग खरं आहे. कार्ब्युरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचे नट, ब्रेक बूस्टरचा जाड पाईप आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा बारीक व्हॅक्युम पाईप, कुठूनतरी चोरून हवा जातेय. इंजिन आयडलिंगला ठेवून बूस्टरचा पाईप पक्कडीने दाबून बघ, थरथर थांबली तर तिथेच आहे.

चारवायू:

आणि हे सापडलं नाही तर प्लग, वायरी, टॅपेट. टॅपेट फार टाइट असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि एचसी असंच वर जातं. पण व्हॅक्युम आधी.

बाबांची_गाडी:

पाना दादा!!! पाईप ओला निघाला. सकाळी सहालाच उठून बाहेर काढली गाडी. पाईप ओढल्याबरोबर तोंडाशी पेट्रोलचा थेंब लोंबत होता, उलटा धरला तर जमिनीवर चार-पाच थेंब पडले आणि लगेच उडून गेले. रेग्युलेटरच्या नळीच्या टोकाला पण ओलं होतं, कापूस लावून बघितला तर ओला झाला.

मग ऑईलची पट्टी काढली. ऑईल मॅक्सच्या खुणेच्या वर जवळपास बोटभर होतं! मी तर दोन महिन्यांपूर्वी बरोबर खुणेपर्यंतच भरलं होतं. नाकाशी नेली तर सरळ पेट्रोलचा वास, आणि दोन बोटांत घासलं तर पाण्यासारखं पातळ. इतके दिवस मी ऑईल कमी होत नाही म्हणून खूश होतो, इंजिन चांगलं आहे असं वाटत होतं. आतमध्ये पेट्रोल भरत होतं आणि मी बघतच नव्हतो, खरंच वाईट वाटलं.

रेग्युलेटर बदलायला घेतोय, मोठं काम आहे का? स्वतः करू शकतो का?

पाना_१०_१२:

शाब्बास. वाईट वाटून घेऊ नकोस, वेळेत सापडलं.

स्वतः करता येईल पण आधी प्रेशर सोड. पंपाचा फ्यूज काढ, इंजिन चालू कर, आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे, मग दोन-तीनदा सेल्फ मार. मग बॅटरीची निगेटिव्ह काढ. इंजिन पूर्ण थंड हवं, आजूबाजूला विडी-सिगरेट, दिवा काही नको, खाली फडकं धर, तरी थोडं पेट्रोल येतंच. नवीन ओ-रिंगच लाव, तिला थोडं स्वच्छ इंजिन ऑईल चोळून बसव, कोरडी दाबलीस तर कापली जाते. झाल्यावर चालू करून ५ मिनिटं टॉर्चने बघत राहा, एक थेंब जरी दिसला तरी लगेच बंद. कुणाकडे गेज असेल तर प्रेशर मोज, बऱ्याच गाड्यांत व्हॅक्युम पाईप लावलेला असताना साधारण २.५ बार आणि काढला की ३ च्या आसपास. तुझ्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघ.

आणि ऑईल बदल, फिल्टरसकट, रेग्युलेटर बसवल्यानंतर लगेच, टेस्टला जायच्या आधी. हे लोक विसरतात. ऑईलमध्ये मिसळलेलं पेट्रोल इंजिन गरम झालं की वाफ होऊन क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या ऑईलच्या भागातून) परत मॅनिफोल्डमध्ये जातं. पार्ट बदलूनही सीओ वर का दिसतो म्हणून माणूस डोकं धरून बसतो. आणि तसल्या पातळ ऑईलवर आता गाडी पळवू पण नकोस, बेअरिंग जातील.

बाबांची_गाडी:

आठवड्याने लिहितोय. रेग्युलेटर बसवला, ऑईल आणि फिल्टर बदलला. गरम स्टार्टिंगचा त्रास त्याच दिवशी गेला, अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. टेस्टवाल्याकडे नुसतं मोजून घेतलं. आयडलिंगला सीओ १.१, एचसी १६०, सीओटू १४.१, ओटू ०.३, लॅम्बडा ०.९८. खूप खाली आलं पण अजून पास नाही. आता तरी कन्व्हर्टर का?

चारवायू:

अजून नाही! लॅम्बडा ०.९८ म्हणजे अजून किंचित रिच आहे, आणि कन्व्हर्टर अगदी १ च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. त्या पट्ट्यात ठेवायचं काम ऑक्सिजन सेन्सरचं. १९७६ मध्ये बॉशने हा सेन्सर पहिल्यांदा गाडीत दिला तो याचसाठी.

सेन्सर मोजलात का? मला आधीपासून त्याच्यावर पण संशय होता. तो ठीक असता तर रेग्युलेटर गळत असताना त्याने ईसीयूला सांगून पेट्रोल बरंच कमी करून घेतलं असतं, लॅम्बडा एवढा ०.९१ पर्यंत घसरला नसता. इतके महिने काजळी खाऊन तो मेला असेल तर नवल नाही.

बाबांची_गाडी:

मोजला आत्ता. १५ मिनिटं गाडी चालवून आणली, २५०० ला रेस धरली, व्होल्टेज ०.३५ वर बसलेलं आहे. हलतच नाही. एकदम रेस मारली तेव्हा हळूहळू ०.४२ झालं आणि परत खाली. हेच ना तुम्ही म्हणत होता?

चारवायू:

हेच. नवीन घ्या. जुना इंजिन कोमट असताना काढा, अगदी थंडावर आटे चिकटलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. बहुतेक सेन्सरना २२ चा पाना लागतो, वायरीसाठी बाजूने कापलेला खास सॉकेट मिळतो. नव्याच्या टोकाला हात, ग्रीस, स्प्रे काही लावू नका. आणि आसपास कुठे साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याची वाफ सेन्सरला मारते.

नंतर थोडी गाडी चालवा, ईसीयूला नवीन सेन्सरची सवय होऊ द्या. टेस्टला जाताना १५-२० मिनिटं चालवत जा आणि रांगेत उभं असताना बंद करू नका, कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० डिग्रीच्या वर गेल्यावर काम सुरू करतो, रांगेत थंड झाला तर चांगला असूनही फेल दाखवेल. एसी, लाईट बंद ठेवा.

काजळी_पुसणारा:

मला पण सापडलं. बूस्टरचा पाईप दाबून काही फरक नाही पडला. कार्ब्युरेटर खालून बघितला तर चारपैकी दोन नट हाताने फिरत होते आणि खालचा जाड काळा प्लॅस्टिकचा स्पेसर असतो ना त्याला केसासारखी तडा गेलेली, बोटाने नाही कळली, नखाने कळली. स्पेसर आणि दोन्ही पॅकिंग नवीन टाकले. थरथर गेली. मिक्स्चर परत सेट करून एचसी ३१० आलं, सीओ १.८. आमच्या गाडीच्या लिमिटमध्ये आहे, पास झाली.

पाना_१०_१२:

छान काम केलंस. तो स्पेसर उष्णता अडवायला असतो, नट जास्त आवळले की वाकडा होऊन तडकतो. थोडे थोडे, समोरासमोरचे आवळायचे. महिन्याने एकदा हात लावून बघ.

बाबांची_गाडी:

मंडळी, पास झाली!! आयडलिंगला सीओ ०.१५, एचसी ४५, सीओटू १५.१, ओटू ०.२, लॅम्बडा १.००. कन्व्हर्टर तोच, २४ वर्षांचा. स्लिप घेऊन घरी आलो आणि बाबांच्या हातात दिली, त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले, मग मला लॅम्बडा म्हणजे काय विचारलं. तुम्ही जसं सांगितलंत तसंच मी त्यांना सांगितलं, पाऊण तास गेला. आता ते म्हणतायत रेग्युलेटरचा जुना पार्ट फेकू नको, कापून आतला पडदा दाखव.

पाना दादा, चारवायू ताई, खूप खूप आभार. एक शेवटचं, नवीन ऑईल पुन्हा बदलावं लागेल का?

पाना_१०_१२:

अभिनंदन रे! हो, ५०० किलोमीटर झाले की पट्टी काढून वास घे. वास नसेल आणि पातळी खुणेवरच असेल तर राहू दे. थोडा जरी वास आला तर एकदा अजून बदल, जुन्यातलं थोडं आत राहिलेलं असतं. आणि पडदा कापशील तेव्हा आधी पार्ट दोन दिवस उन्हात उघडा वाळव, आत पेट्रोल असतं. हातकरवतीनेच काप, ग्राइंडर लावू नकोस. फोटो टाक इथे, बाकीच्यांना पण चीर कशी दिसते ते बघता येईल.